ताटातली अहिंसा आणि कोठीतली हिंसा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. वसंत व्याख्यानमालेत राष्ट्र, धर्म, वाङ्मय अशा विषयांवर बोलावे. ढेकूण, झुरळ आणि उंदीर यांच्यावर तासभर काय बोलायचे? शिवाय हे जासई गाव. खाडीच्या आश्रयाने, भात आणि मासळी यांवर पिढ्यान्पिढ्या वाढलेली येथील आगरी-कोळी वस्ती. येथे शाकाहाराचा प्रश्न कोणी कशाला काढावा?

तो येथेच काढावा, असे आम्हांस वाटते. गेल्या चाळीस वर्षांत या पट्ट्यातील बरीचशी भातखाचरे आणि मिठागरे गेली. त्यांच्या जागी बंदर आले, कंटेनरची यार्डे आली, उंच इमारती आल्या. बोंबील तळणारे घर आणि कांदासुद्धा वर्ज्य मानणारे घर एकाच जिन्यावर समोरासमोर आले. वासावरून कुरबुरी होऊ लागल्या. घर देताना-घेताना आहाराची चौकशी होऊ लागली. एक म्हणतो, "आमच्याकडे जीवहत्या चालत नाही." दुसरा विचारतो, "मग झुरळांना औषध मारता ते काय?" हा प्रश्न बहुधा टोमणा म्हणून विचारला जातो आणि टोमणा म्हणूनच सोडून दिला जातो. आज आपण तो प्रश्न म्हणून हाती घेऊ. शाकाहाराच्या मुळाशी अहिंसा असेल, तर ती मुंगीपर्यंत, डासापर्यंत, उंदरापर्यंत पोहोचते की नाही? आणि पोहोचत असेल, तर माणसाने संसार कसा करायचा?

या प्रश्नातून सुटण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. पहिली वाट मांसाहाऱ्याची. तो म्हणतो, वनस्पतीलाही जीव आहे. तेव्हा भाजी खाणारा आणि मासा खाणारा सारखेच. हा युक्तिवाद ऐकायला चटकदार आहे, पण त्याला उत्तर फार पूर्वीच दिले गेले आहे. जैन शास्त्रकारांनी जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली. वनस्पती एकेंद्रिय, अळी द्वींद्रिय, मुंगी आणि ढेकूण त्रींद्रिय, माशी आणि डास चतुरिंद्रिय, आणि मासा, पक्षी, पशू, माणूस हे पंचेंद्रिय. ज्याला इंद्रिये अधिक त्याला वेदना अधिक, म्हणून त्याच्या हिंसेचा दोषही अधिक. आजच्या प्राणिशास्त्राला ही वर्गवारी जशीच्या तशी मान्य होणार नाही. पण सगळे जीव एका मापाने मोजू नयेत, हा तिचा गाभा पक्का आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच मापाने ढेकूण तांदळाच्या दाण्याहून वरच्या पायरीवर बसतो. म्हणजे भाताचा न्याय ढेकणाला लावून मोकळे होता येत नाही.

दुसरी सोपी वाट शाकाहाऱ्याची. तो म्हणतो, किड्याला कसली वेदना? ते चालते यंत्र आहे. हे म्हणणेही आता पूर्वीइतक्या ठामपणे मांडता येत नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुंग्याच्या जातीच्या मधमाश्यांपुढे लाकडाचे लहान गोळे ठेवले, तेव्हा त्या काही लाभ नसताना ते गोळे पुनःपुन्हा लोळवीत राहिल्या. जणू खेळत होत्या. त्यांना सुखदुःख कळते हे यावरून सिद्ध झाले असे कोणी म्हणत नाही. पण कळत नाही असे छातीठोकपणे म्हणण्याची सोय राहिली नाही. आपला कायदाही पाहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या माणसाखेरीज कोणताही सजीव अशी आहे. कीटकांना तीतून वगळलेले नाही.

तेव्हा तत्त्वाच्या बाजूने उत्तर स्पष्ट आहे. अहिंसा मानायची तर ती मुंगीपाशी येऊन थांबत नाही. अडचण पुढे आहे, आणि ती आपल्या पूर्वजांना आपल्याहून चांगली ठाऊक होती.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत. कोणती? चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ज्या वस्तूंवाचून घर चालत नाही, त्याच वस्तूंनी रोज जीव मरतात. म्हणून गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत, असे तेथे सांगितले आहे. आणि त्यांत भुकेल्या जिवांसाठी अन्नाचा घास आहे, अतिथीचा सत्कार आहे. मनुस्मृतीतील कित्येक गोष्टी आपण टाकून दिल्या आणि टाकल्या हे उत्तम केले. पण केरसुणीलाही हिंसेचे साधन मानणारी ही दृष्टी टाकण्याजोगी नाही. शाकाहारी घर आपोआप निर्दोष ठरते, असे ही दृष्टी मानीत नाही.

ज्ञानेश्वर महाराज तर याच्याही पुढे गेले. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात त्यांनी अहिंसेचे लक्षण सांगितले आहे. किडामुंगी दुखावेल म्हणून हळुवार पाऊल टाकणारा पुरुष त्यांनी तेथे मोठ्या प्रेमाने रंगवला आहे. पण त्याआधी अहिंसेच्या नावाने काय काय चालते त्याचाही त्यांनी समाचार घेतला आहे. धर्म म्हणून पाणी गाळायला घ्यावे, तर गाळण्याच्या त्रासातच जीव मरतात. हिंसेच्या भीतीने धान्य न शिजवावे, तर स्वतःचे प्राण कष्टी होतात, आणि तीही हिंसाच. सातशे वर्षांपूर्वीचे हे बोल आहेत. नुसता नियम पाळल्याने अहिंसा घडत नाही, हे महाराष्ट्राला तेव्हाच सांगून झाले आहे.

दुसऱ्या टोकालाही लोक प्रामाणिकपणे गेले. गुजरातेतील काही पांजरपोळांत 'जीवातखाना' नावाची खोली असे. किडलेले धान्य चाळून निघालेले किडे मारायचे नाहीत. ते त्या खोलीत नेऊन सोडायचे आणि वर थोडे धान्य टाकायचे. आपण याला हसू नये. प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठलाग करणारी माणसे हसण्यावारी नेण्याजोगी नसतात. तथापि साऱ्या गावाला, साऱ्या शहराला असे जगता येईल काय?

याचे उत्तर इतिहासाने फार कठोरपणे दिले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग, प्रकट झाला आणि काही महिन्यांत पुण्याला पोहोचला. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. रोग उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. प्लेगने आधी उंदीर मरतो. त्याचे अंग गार पडले की पिसवा उपाशी होऊन माणसाकडे वळतात. आता अशा वेळी उंदराला अभय द्यावे, असे कोण म्हणेल? जैन आचार्यांनीही गृहस्थाला अशी सक्ती केलेली नाही. त्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले: मनात धरून केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, शेती-व्यवसायात होणारी उद्योगी आणि स्वतःच्या बचावात घडणारी विरोधी. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडावी; उरलेल्या तीन जितक्या कमी करता येतील तितक्या कराव्यात.

पण प्लेगच्या याच हकिगतीत दुसराही धडा आहे. उंदीर आणि पिसवा घरात शिरल्या त्या माणसानेच केलेल्या सोयीमुळे. चाळींतील अंधार, तुंबलेली गटारे, माणसांच्या शेजारीच भरलेली धान्याची कोठारे. मारण्याची पाळी आली, कारण रोखण्याची वेळ आपण घालवली होती.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शाकाहारी माणूस बहुधा स्वतःच्या हाताने काही मारीत नाही. मग त्याच्यासाठी मारतो कोण?

येथून जवळच न्हावाशेवा बंदर आहे. तेथून परदेशी जाणारे धान्य आणि लाकडी खोकी यांना कित्येकदा मिथिल ब्रोमाइडच्या विषारी वायूची धुरी देतात, ती किडे मारण्यासाठीच. देशातल्या गोदामांत धान्याच्या थप्प्यांना ताडपत्रीखाली ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लावतात. त्यांतून निघणाऱ्या वायूने पोरकिडे, टोके, अळ्या मरतात. आपल्या ताटातला निव्वळ शाकाहारी वरणभात या वाटेने येतो. रेशीम घ्या. सोवळ्याचा कद नेसून आपण देवपूजेला बसतो. तो अखंड धागा मिळावा म्हणून कोशातला किडा आत जिवंत असताना कोश उष्णतेने मारतात, उकळत्या पाण्यात टाकतात. बरे, रेशीम सोडून सुती वस्त्र घेतले, तर कापसावरची फवारणी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात गेले. येथे तर किड्याबरोबर माणूसच मेला.

मुंबई महानगरपालिकेने रात्री उंदीर मारण्यासाठी कामगार ठेवले. हातात काठी आणि विजेरी घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचे. एका रात्रीत तीस उंदीर, असे माप त्यांना ठरवून दिलेले होते. ज्यांच्या गल्लीत हे काम चाले, त्यांतील किती घरांनी दार उघडून त्यांना पाणी विचारले असेल? काही गावांत आरोग्य खाते विहिरींत, टाक्यांत गप्पी मासे सोडते. ते डासांच्या अळ्या खातात आणि आपले हात कोरडे राहतात. उंदीर पिंजऱ्यात धरून शेजारच्या आळीत सोडणारे पुण्यवान गृहस्थ तर आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

जैन आचारात याला तीन शब्द आहेत: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि केल्याला संमती दिलेले. तिन्हींचा दोष लागतो. आमचे म्हणणे एवढेच की, आजच्या शाकाहाराचा हिशेब 'कृत' या पहिल्या खात्यावर थांबतो. उरलेली दोन पाने उलटलीच जात नाहीत. त्या पानांवर नुसते किडे नाहीत. धुरी देणारा, फवारणारा, गटारात उतरणारा, रात्री काठी घेऊन हिंडणारा माणूसही आहे. आपल्याला शुद्ध ठेवण्याचे काम तो करतो, आणि अशुद्धही आपण त्यालाच ठरवतो. ही जुनी खोड आहे. या देशात तिला अस्पृश्यता म्हणत. अहिंसेच्या नावाखाली ती परत येत असेल, तर तसला शाकाहार आम्हांस नको.

मग करावे काय? जैनांचाच एक शब्द येथे उपयोगी पडतो: यतना. बोलीत त्याला जयणा म्हणतात. प्रत्येक कृतीत राखलेली काळजी, असा त्याचा अर्थ. ही काळजी मारण्याच्या आधी सुरू होते. डाळी उन्हात खणखणीत वाळवून, तुरीला एरंडेलाचा हात लावून, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवणाऱ्या आपल्या आज्या जयणाच करीत होत्या. किडा लागलाच नाही, तर मारण्याचा प्रश्न उरत नाही. डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो; अंड्यापासून डास व्हायला साधारण आठदहा दिवस लागतात. पिंपावर घट्ट झाकण असले, तर डासाला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि एकही जीव मरत नाही. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करावी, तर तेव्हा थोड्या अळ्या मरतात. पण न केली तर महिनाभराने फवारणीचे यंत्र येते आणि डासांबरोबर फुलपाखरे, मधमाश्याही मरतात. ओला कचरा उघडा पडला नाही, तर उंदीर वाढत नाहीत.

एवढे करूनही मारण्याची पाळी आलीच, तर ती मान खाली घालून स्वीकारावी. कमीत कमी यातनेने मारावे. गोंदाच्या फळीवर उंदराला दोन दोन दिवस तडफडत ठेवणे हे मारण्याहूनही वाईट. धान्याच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी राहत्या खोलीत ठेवू नयेत. त्या वायूने झोपलेली माणसे गेली आहेत. आणि जो हे काम आपल्यासाठी करतो, त्याला हातमोजे, तोंडाला मुखवटा, पुरता मोबदला आणि माणुसकी ही मिळतात की नाही, ते पाहणे हाही शाकाहाराच्या आचाराचाच भाग समजावा.

वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या आश्रमात साप धरण्याची लाकडी कात्री आणि पेटी आजही जपून ठेवली आहे. साप निघाला की धरायचा आणि दूर नेऊन सोडायचा, असा तेथील परिपाठ. पण त्याच गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर, साप अवघड जागी निघाला आणि दुसरा उपाय दिसेना, तेव्हा त्याला मारण्याची परवानगी दिली होती. आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आधी पेटी तयार ठेवायची. तरीही हिंसा घडली, तर तिला हिंसाच म्हणायचे. या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच अहिंसेच्या समजतो.

तेव्हा समोरच्या दारातील शेजाऱ्याला मासळीच्या वासावरून पारखण्यापूर्वी शाकाहाऱ्याने आपली कोठी, आपली मोरी आणि आपला कद यांचा हिशेब करावा. आणि मासळी खाणाऱ्याने, "तुम्हीही मारता, मग आम्ही काहीही करू" असा पळवाटेचा अर्थ त्यातून काढू नये. जाळ्यात आलेली बारीक पिल्ले पाण्यात परत सोडणारा कोळीही जयणाच पाळत असतो. शाकाहार हे व्रत आहे. व्रत माणसाने स्वतःला लावून घ्यायचे असते. शेजाऱ्याला मोजण्यासाठी ते नसते.