उचल आणि जमा



संकलकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने काहीतरी मोठं बोलावं, अशी रीत आहे. एआय, ओटीटी, सिनेमाचं भवितव्य. त्यासाठी उद्या तीन परिसंवाद आहेत, तेव्हा मला मोकळीक द्या. मी बोलणार आहे संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या बिनच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा कुलपाबद्दल.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही स्टीनबेक या संकलन-टेबलावर शिकलो तेव्हा कुलपाची गरजच नव्हती. कामाची प्रिंट एकच. ती माझ्या टेबलावर असली की तुमच्या टेबलावर नसणार. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ फ्रेम्स, सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाभराच्या दृश्याला ९० फूट पट्टी. तिचे कापलेले तुकडे कापडी पिशवी लावलेल्या डब्यावर खिळ्यांना टांगलेले असायचे. तो डबा म्हणजे बिन. आज स्क्रीनवर जिला आपण बिन म्हणतो, तिचं नाव तिथूनच आलं. कुणी तुकडा नेला की खिळा रिकामा दिसायचा. वेगळी नोंद कशाला हवी?

फाइलचं तसं नाही. ती नेली तरी जागेवरच राहते. सगळी भानगड इथून सुरू होते.

एका दैनंदिन मालिकेवर आम्ही दोघं संकलक होतो. मालिकेचं नाव सांगत नाही. प्रोजेक्ट एकच, सामायिक डिस्कवर, आणि कुलूप नाही. ‘कुणी उघडलंय का रे?’ असं ओरडून विचारायचं, हीच आमची यंत्रणा. रात्री नऊला मी ओरडले तेव्हा जोडीदार चहाला खाली उतरला होता आणि प्रोजेक्ट त्याच्या मशीनवर उघडाच होता. मी अख्खा भाग लावला, दोन वाजता सेव्ह करून घरी गेले. सव्वादोनला त्याने एक म्युझिकचा तुकडा थोडा मागे सरकवला आणि सेव्ह केलं. त्याच्याकडे होता नऊचा प्रोजेक्ट. माझे पाच तास त्या एका सेव्हखाली गेले. चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती. म्हणून तर भांडताही येईना.

प्रोग्रॅमर मंडळींनी हे दुखणं आपल्याआधी ओळखलं. १९८२ च्या आरसीएस या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत फाइल उचलायची, तिला कुलूप लावायचं, काम करून जमा करायची आणि जमा करताना काय बदललं ते दोन ओळींत लिहायचं, अशी शिस्त होती. पुढे त्यांच्यापैकी बहुतेकांनी कुलूप सोडलं, कारण दोघांनी केलेले बदल ओळीओळीने जुळवता येतात. आपल्याला ते कसं जमणार? प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून बांधलेला एक्सएमएलचा गठ्ठा. तो उलगडून जुळवला तरी मी नायिकेचा पॉज बारा फ्रेम्सनी वाढवला आणि तुम्ही तो शॉटच उडवलात, तर यंत्राने बेरीज कशाची करायची?

म्हणून आपल्याकडे कुलूप टिकलं. एविड या सॉफ्टवेअरने ते बिनला लावलं: तुमच्या हातात असेल तर हिरवं, दुसऱ्याकडे असेल तर लाल, आणि लाल बिन पाहता येते पण बदलता येत नाही. फायनल कट सर्व्हर २००८ मध्ये आलं आणि २०११ मध्ये बंदही झालं. त्यात प्रोजेक्ट रीतसर उचलून परत जमा करायची सोय होती. २०१७ मध्ये रिझॉल्व्हची चौदावी आवृत्ती, २०२० मध्ये प्रीमियरचं ‘प्रॉडक्शन्स’. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कुलूप तेच.

काहींना हे कुलूप जाचक वाटतं. सगळ्यांनी एकाच टाइमलाइनवर एकदम काम करावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. हिरवं कुलूप दिसलं की दृश्य तेवढा वेळ माझं असतं. तिथे मी तीन वेडे कट लावून बघते, लाजते, काढून टाकते. कुणी पाहत असताना मी ते लावणारच नाही.

मात्र कुलपाचा माजही मी पाहिला आहे. एक गृहस्थ बिन उघडी ठेवून गणपतीला कोकणात गेले. फोन लागेना, आणि आम्ही पाच जण त्या लाल खुणेकडे बघत बसलो. शेवटी एकाने बिनची नक्कल करून काम उरकलं. गृहस्थ परतले तेव्हा एकाच दृश्याच्या दोन बिना होत्या, आणि दोन्हींच्या नावात ‘फायनल’ होतं.

त्या गेलेल्या पाच तासांनंतर आम्ही मालिकेच्या खोलीत दोनशे पानी वही टांगली होती. दोन रकाने: उचल आणि जमा. महिन्याने वही चाळली. उचलीचा रकाना गच्च भरलेला, जमेचा निम्मा कोरा. घ्यायची घाई सगळ्यांना. परत ठेवताना आपण घरी निघालेले असतो.

तो कोरा रकाना भरतो सहायक संकलक. तो आपला पाटकरी. धुळ्याकडे पांझरेकाठच्या फड सिंचनात पाणी कोणत्या शेताला कधी जाणार हे पाटकरी बघतो. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी वळवायचं नसतं. पाटकऱ्याचा मोबदला ठरलेला असतो. आपल्या पाटकऱ्याचं नाव श्रेयनामावलीत सगळ्यात भरधाव सरकतं, आणि कधीकधी सरकतच नाही. या अधिवेशनात एकच ठराव व्हायचा असेल, तर सहायकाचं नाव आणि जमा करायला लागणारा अर्धा तास करारात धरावा, असा करा.

त्या वहीतलं एक पान मी जपून ठेवलं आहे. आमच्या सहायक मुलीने पहाटे चारला लिहिलेलं. ‘दृश्य ४२ जमा. आईचा क्लोजअप मी काढला आहे, हरवलेला नाही, शोधू नका. तिची पाठ पुरते. पटलं नाही तर जुनी बिन तशीच ठेवली आहे.’

मी जुनी बिन उघडून पाहिली होती. पाठच ठेवली.