मुक्या यंत्राची भाषा
(धसई येथील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स बसविले जाते आणि काल चालणारा स्कॅनर आज मुका होतो. पुष्कळदा त्यात बिघाड नसतो. संगणक व यंत्र यांमधील दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, उत्पादकाने लिनक्ससाठी केलेलाच नसतो. ग्रामीण शाळेस दुसरे यंत्र केव्हा मिळेल, हे सांगता येत नाही. म्हणून जडसंग्रहातून त्याचे निर्लेखन करण्यापूर्वी पुढील मार्ग अवश्य पाहावा.

आपल्या मुरबाड तालुक्याच्या सीमेवर नाणेघाटात ब्राह्मी लेख आहे. ती लिपी कित्येक शतके कोणास वाचता येत नव्हती. सांचीच्या अनेक लहान लेखांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होतो, हे जेम्स प्रिन्सेप यांनी हेरले. तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला आणि १८३७ साली लिपी उलगडली. यंत्राची भाषाही अशाच तुलनेने वाचता येते.

जुना ड्रायव्हर चालतो अशा संगणकास यंत्र जोडावे. यूएसबीवरील त्यांचे संभाषण ‘वायरशार्क’ या विनामूल्य प्रोग्रामने टिपावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : प्रथम इंचास १५० बिंदू, मग ३०० बिंदू. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, म्हणजे कोणता अंक कशाचा, हे उमगू लागते. मग त्याच आज्ञा लिनक्सवरून पाठविणारा प्रोग्राम जाणकारास लिहिता येतो.

४ नोव्हेंबर २०१० रोजी मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ कॅमेरा अमेरिकेत विक्रीस आला. संगणकासाठी त्याचा ड्रायव्हर नव्हता. ॲडाफ्रूट या कंपनीने बक्षीस लावले व संभाषणाची नोंदही प्रसिद्ध केली. स्पेनच्या हेक्टर मार्टिन यांनी १० नोव्हेंबरलाच तो कॅमेरा लिनक्सवर चालवून दाखविला.

दोन सूचना. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली, की उत्पादकाचा व यंत्राचा असे दोन चार-अंकी संकेत दिसतात. ते ‘सेन’ या स्कॅनर-प्रकल्पाच्या यादीत प्रथम शोधावेत. कदाचित कोणी हे काम आधीच केलेले असेल. दुसरे, अर्थ न कळलेल्या आज्ञा यंत्रास पाठवू नयेत. त्याने ते कायमचे निकामी होऊ शकते.

निरीक्षण, तुलना, तर्क आणि पडताळा हेच आपण विज्ञानाच्या तासाला शिकवितो. तेच कपाटातील यंत्रावर करून पाहावे व वरच्या वर्गांतील मुलांस नोंदी ठेवण्यास जवळ बसवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.