चाकणची मोटार, ले मान्सची रात्र

दाभोसा गावातल्या वसंत व्याख्यानमालेत यंदा एक पुष्प मोटार शर्यतीवर गुंफायचे ठरले, तेव्हा काही जुन्या श्रोत्यांनी शंका काढली होती. नागली-वरईच्या बियाण्यावर बोलायचे सोडून हे काय? पण संध्याकाळी शाळेच्या पटांगणातल्या सतरंज्या भरल्या. शेतकरी होते, शिक्षक होते, आणि जव्हार-मोखाड्याच्या घाटात रोज जीप चालवणारे तर मोठ्या संख्येने होते.

वक्ते पुण्याच्या वाहन उद्योगातून निवृत्त झालेले अभियंते. माईक हातात घेताच त्यांनी आपले मत मांडून टाकले. चोवीस तासांच्या शर्यतीचा प्राण कारखान्यातून विक्रीसाठी निघालेल्या मोटारीत असतो. केवळ शर्यतीसाठी घडवलेला प्रोटोटाइप तिची शोभा वाढवतो, तिचा पाया घालत नाही. भारतात ही शर्यत रुजवायची असेल, तर सुरुवात विक्रीच्या मोटारीपासूनच करावी लागेल. पुढचा सगळा वेळ ते फिरून फिरून याच मुद्द्यावर येत राहिले.

“हायपरकार, एलएमपी टू, जीटी थ्री हे वर्ग तर आपल्याला ठाऊकच आहेत,” असे म्हणून ते पुढे निघाले, आणि पुढच्या रांगेतली मुले एकमेकांकडे पाहू लागली. वाचकांसाठी एवढे सांगायला हवे. फ्रान्समधल्या ले मान्सच्या २०२४ च्या चोवीस तासांच्या शर्यतीत ६२ मोटारी एकाच वेळी धावल्या. २३ हायपरकार वर्गातल्या, १६ एलएमपी टू वर्गातल्या आणि २३ एलएमजीटी थ्री वर्गातल्या. पहिले दोन वर्ग प्रोटोटाइपचे, तिसरा विक्रीच्या मोटारींवरून बेतलेला. १३.६२६ किलोमीटरची फेरी वेगवान हायपरकार साडेतीन मिनिटांच्या आसपास पूर्ण करते, जीटी मोटारीला चार मिनिटे लागतात. म्हणजे दर सात-आठ फेऱ्यांनी हायपरकार त्याच जीटी मोटारीला गाठते आणि मागे टाकते. हे दिवसा चालते, पहाटेच्या धुक्यात चालते, पावसातही चालते. प्रत्येक वर्गाचा विजेता वेगळा आणि रस्ता मात्र सगळ्यांचा एकच.

मे १९२३ मध्ये ले मान्सला ही शर्यत सुरू झाली, तेव्हा प्रोटोटाइपला जागाच नव्हती. ग्राहकाला मिळते तीच मोटार रात्रभर टिकते का, तिचे दिवे चालतात का, हे पाहण्यासाठी शर्यत होती. मोठ्या इंजिनाच्या मोटारींना चार आसने ठेवावी लागत, आणि प्रवाशांच्या वजनाइतका भार लादावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये शर्यत पुन्हा भरली. कारखाने नुकतेच सावरत होते, विक्रीच्या नव्या मोटारी पुरेशा नव्हत्या, म्हणून संयोजकांनी प्रोटोटाइपला दार उघडले. “त्या दारातून आलेला पाहुणा मग यजमानच होऊन बसला,” असे वक्ते म्हणाले. येथवर सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते.

मग १९९५ चा विषय निघाला आणि व्याख्यानाचा आराखडा बाजूला पडला.

त्या वर्षी ले मान्सला खास शर्यतीचे प्रोटोटाइप हजर असताना एकूण विजेतेपद मॅक्लारेन एफ वन जीटीआर या मोटारीने मिळवले. यानिक दालमास, जे. जे. लेहतो आणि मासानोरी सेकिया हे तिचे चालक. गॉर्डन मरे यांनी ही मोटार रस्त्यासाठी रचली होती, शर्यतीचा विचार नंतर आला. इंजिन बीएमडब्ल्यूचे, बारा सिलिंडरचे, ६.१ लिटरचे. नियमाप्रमाणे हवेच्या वाटेवर आवळणी बसवावी लागल्यामुळे शर्यतीच्या मोटारीची ताकद रस्त्यावरच्या मोटारीपेक्षा कमी भरत होती! पावसाने भिजलेल्या त्या शर्यतीत तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांकही मॅक्लारेनचाच आला. “तिथे रस्त्यावरची मोटार जिंकली,” हे वक्त्यांनी दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा टाळ्या घेतल्या.

पण या विजयातूनच पुढचा घोळ सुरू झाला, आणि तो सांगताना वक्त्यांना घड्याळाचे भान उरले नाही. विक्रीच्या मोटारींचा वर्ग जिंकण्यासाठी कंपन्या उलट्या मार्गाने निघाल्या. आधी शर्यतीची मोटार घडवायची आणि मग नियमापुरत्या थोड्या मोटारी रस्त्यासाठी काढायच्या. १९९६ मध्ये पोर्शे ९११ जीटी वन आली. तिचा पुढचा भाग खऱ्या ९११ चा, इंजिन मात्र चालकाच्या मागे. १९९८ मध्ये टोयोटाने जीटी वन आणली. जीटी मोटारीत एक सुटकेस मावेल एवढी सामानाची जागा हवी, असा नियम होता. टोयोटाने दाखवले की इंधनाची टाकी रिकामी असताना तीत सुटकेस मावू शकते, आणि तपासनिसांनी ते मान्य केले.

“मग आमच्या जीपमध्ये सामानाला जागाच जागा,” मागून एक चालक ओरडला, “टाकी कायम रिकामीच असते!” पटांगण हसत सुटले. वक्तेही मनापासून हसले आणि पुन्हा मुद्द्यावर आले. याचा शेवट काय झाला? १९९८ च्या जागतिक जीटी स्पर्धेतल्या सगळ्या दहा शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. एवढा खर्च इतरांना पेलेना, आणि जीटी वन हा वर्गच पुढच्या वर्षी बंद पडला. १९९९ मध्ये ले मान्सला मर्सिडीज सीएलआर बंद छपराच्या प्रोटोटाइप वर्गात उतरली. सरावात आणि सकाळच्या चाचणीत मार्क वेबरची मोटार हवेत उलटली, प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डंब्रेकची. ती थेट झाडांत जाऊन पडली आणि डंब्रेक बचावला.

हेच डंब्रेक २०१२ मध्ये करुण चंढोक यांचे सहचालक होते. जेआरएम संघाच्या प्रोटोटाइपमध्ये डेव्हिड ब्रॅबम आणि डंब्रेक यांच्यासोबत चंढोक ले मान्सला सहावे आले. त्या शर्यतीत धावलेले ते पहिले भारतीय. ही संधी नारायण कार्तिकेयन यांना तीन वर्षे आधी मिळाली असती. २००९ मध्ये कोलेस संघाच्या डिझेल ऑडी आर टेनसाठी त्यांची निवड झाली होती, पण शर्यत सुरू होण्याआधी पिटच्या भिंतीवरून उतरताना त्यांचा खांदा निखळला. उरलेल्या दोघांनी चोवीस तास मोटार चालवून सातवा क्रमांक आणला. पुढे २०२१ मध्ये कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव हे तिघे भारतीय संघ म्हणून आशियाई ले मान्स मालिकेत दुबई-अबू धाबीला एलएमपी टू मोटार घेऊन उतरले.

इथे जव्हारमध्ये मोटारसायकली दुरुस्त करणारा एक तरुण उभा राहिला. “सर, चालकांची नावे तुम्हीच घेतलीत, आणि सगळे प्रोटोटाइपवाले निघाले. आणि डिस्क ब्रेक? तो आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गाडीला असतो. तो कुठून आला?”

वक्त्यांचा आवाज किंचित चढला. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप ले मान्सला जिंकली, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या हातून, हे त्यांनी कबूल केले. पण सी-टाइपचे इंजिन आणि गिअरबॉक्स विक्रीच्या एक्सके १२० मधून उचललेले होते, नवा होता तो नळ्यांचा हलका सांगाडा. म्हणजे जिंकलेल्या प्रोटोटाइपच्या पोटातही दुकानातली मोटारच होती. “आणि २००८ पासून जॅग्वार टाटा मोटर्सची आहे, तेव्हा हा आपल्या घरचाच दाखला समजा,” असे त्यांनी जोडले. तरुण खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

आजच्या हायपरकार वर्गालाही वक्त्यांनी याच कसोटीवर घासले. त्यात दोन वाटा आहेत. फेरारी आणि टोयोटा पूर्ण मोटार स्वतः रचतात. कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू मात्र डलारा, ओरेका, लिजिए आणि मल्टिमॅटिक या चार ठरलेल्या कारखान्यांपैकी एकाचा सांगाडा घेतात, सगळ्यांना सारखीच संकरित वीजयंत्रणा बसवतात, आणि इंजिन व बाहेरचे रूप आपले देतात. एसटी चासी टाटा किंवा अशोक लेलँडची घेते आणि बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधते, तसाच हा व्यवहार. यामुळे खर्च आवाक्यात आला आणि रिकामा पडत चाललेला वर्ग पुन्हा भरला, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

अध्यक्षांची पहिली चिठ्ठी आली. जव्हारकडे जाणाऱ्यांना उशीर होत होता. वक्त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि चाकणला पोचले.

चाकणचा फोक्सवॅगन कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तिथली पोलो मोटार २०१० पासून शर्यतीत उतरली. पहिल्या पोलो कपमध्ये १.६ लिटरचे डिझेल इंजिन होते. ज्या दशकात ऑडीच्या डिझेल प्रोटोटाइपने ले मान्स जिंकली, त्याच्या शेवटी चाकणच्या मोटारीचा डिझेल अवतार कोइम्बतूर आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तरुण भारतीय चालक चालवत होते. २०१२ मध्ये १८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले, मग व्हेंटो, मग अमिओ. सगळ्यांना सारखीच मोटार, त्यामुळे फरक पडायचा तो हाताचा आणि डोक्याचा. उणीव एकच होती. शर्यती छोट्या पल्ल्याच्या होत्या. रात्र नव्हती, चालक बदलायचा नव्हता, इंधन आणि टायर यांचा हिशेब नव्हता. पोलोचे इथले उत्पादन २०२२ मध्ये थांबले. मोटार होती, ट्रॅक होते, चालक होते, आणि लांब पल्ल्याची शर्यत तेवढी झाली नाही, याची खंत त्यांच्या बोलण्यात उघड होती.

“पैसेवाल्यांचा खेळ आहे हा, सर,” एका शिक्षकांनी म्हटले. वक्त्यांनी ते नाकारले नाही. जीटी थ्री हा वर्ग २००६ मध्ये स्टेफान रातेल यांनी उभा केला, तोच मुळी तयार मोटार खासगी संघांना विकता यावी म्हणून. त्यात एबीएस चालते, आणि वजन व ताकद यांचा तोल संयोजक सांभाळतात, म्हणजे कोणा एका कंपनीची मक्तेदारी होत नाही. जागतिक मालिकेतल्या एलएमजीटी थ्री संघात एक तरी ब्राँझ श्रेणीचा, म्हणजे हौशी, चालक असावाच लागतो. २०२४ मध्ये ले मान्सचा हा वर्ग जिंकलेल्या पोर्शेमध्ये रिचर्ड लीट्स हे मुरलेले व्यावसायिक, १९ वर्षांचा मॉरिस शुरिंग आणि पेट्रोल पंपांच्या व्यवसायातले ऑस्ट्रेलियन यासर शाहीन असे तिघे होते. मोटार आजही महागच आहे, पण हौशी माणसाला जागतिक शर्यतीत नियमानेच जागा राखून ठेवणारा वर्ग हाच. भारतात चाकणच्या किंवा आणखी कुठल्या कारखान्याच्या साध्या मोटारी घेऊन सहा तासांची शर्यत भरवावी, प्रत्येक मोटारीला तीन चालक, त्यांतला एक हौशी, अशी त्यांची सूचना होती.

दुसरी चिठ्ठी आली तेव्हा सूत्रसंचालक शाल-श्रीफळ घेऊन उभेच होते. एवढ्यात पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारले, रस्त्यावरची गाडी पहिल्या वर्गात धावते का? वक्ते माईककडे परत वळले. २०२५ पासून धावते, त्यांनी सांगितले. अ‍ॅस्टन मार्टिन वल्किरी, ६.५ लिटर, बारा सिलिंडर, रस्त्यावरच्या मोटारीवरून बेतलेली हायपरकार वर्गातली एकमेव. त्या वर्षी ले मान्सला तिच्या दोन्ही मोटारींनी शर्यत पूर्ण केली.

“पण जिंकली फेरारी,” जव्हारचा तरुण जागेवरूनच म्हणाला, “आणि ती प्रोटोटाइप.” वक्त्यांनी लगेच इतिहास काढायला सुरुवात केली, अध्यक्षांनी आभार मानले, आणि तो वाद दोघांनी शाळेच्या फाटकाशी, जीप भरेपर्यंत चालू ठेवला.