चित्र बोलेल, पण शिकवणार कोण?

कवीला शब्द सुचला नाही तर फार तर कविता अडते. स्वमग्न मुलाच्या ओठांवर 'पाणी' हा शब्द आला नाही, तर त्याचं पाणी अडतं. मग ते ओरडतं, डोकं आपटतं आणि शेजारी म्हणतात, मूल हट्टी आहे.

अशा मुलांसाठी आता चित्रं बोलू लागली आहेत. पडद्यावरच्या पेल्याला बोट लावलं की 'पाणी' असा आवाज येतो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे अॅप मोफत आहे, मराठीही बोलतं. पण कित्येक घरांत फोन एकच असतो आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो. फोन मिळाला, तरी चित्राचा आणि तहानेचा संबंध मुलाला रोज, महिनोन्‌महिने शिकवावा लागतो. त्यासाठी तालुक्याहून जिल्ह्याला जायचं, तर आईची मजुरी बुडते.

अपंगांना साधनं देणारी केंद्राची अॅडिप योजना १९८१ पासून आहे. चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र यांचा तिने अनेकांना आधार दिला. स्वमग्नता मात्र १९९५ च्या अपंग कायद्यात नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत. २०११ च्या जनगणनेत तिला वेगळा रकाना नव्हता. ज्यांची मोजदादच नाही, त्यांच्यासाठी पैसा किती ठेवणार?

खुर्ची शिबिरात वाटता येते, भाषा वाटता येत नाही. म्हणून साधनाच्या किमतीबरोबर शिकवणाऱ्याचं मानधन आणि सांभाळणाऱ्याचा वेळही सरकारी हिशेबात धरायला हवा. २०१६ च्या कायद्याचं २४ वं कलम, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद सांगतंच. चित्रामागचा शब्दही घरचा हवा. कुणाची 'आई' असते, कुणाची 'अम्मी'. तो शब्द भरून देणारं माणूस जवळपास हवं.

आपल्याकडे ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा, असा शासनाचा नियम आहे. येत्या ग्रामसभेत विचारा, त्यातून एक टॅबलेट आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी शिक्षिका मिळेल का? हा प्रश्न एकट्या आईने विचारू नये. तिच्या शेजारी आपण उभं राहावं.