एकट्याचे ऐकणे आणि चौघांची चर्चा

(धामणगाव बढे येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच पार पडला. त्यांचे अभिनंदन करीत असता, ज्यांनी अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला त्यांचीच आठवण मला अधिक होत होती. त्यांची नोंद आपल्या अहवालात कोठेही नाही.

२०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयं’ हा उपक्रम सुरू केल्यापासून नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने आपल्या मोताळा तालुक्यातील मुलांनाही घरबसल्या ऐकावयास मिळतात. एकेका ऑनलाइन वर्गात हजारो विद्यार्थी असतात; परंतु त्या हजारांत आपला मुलगा एकटाच. गच्चीवर मोबाइल धरून तो ऐकतो. शंका आली तर लेखी प्रश्न धाडण्याची सोय असते, पण भिडस्त मुलगा तो धाडीत नाही. मी स्वतः असा एक अभ्यासक्रम तिसऱ्या आठवड्यात सोडून दिला, हे येथे कबूल करतो.

यावरील उपाय जुनाच आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीच्या प्रयोगात पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा आणि लगेच तेथेच त्यावर चर्चा करावयाची. पुढे पाहणी झाली तेव्हा, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडल्याचे आढळले.

अमेरिकेतील संशोधकांनी ‘टॉकअबाउट’ नावाच्या योजनेने १४ ऑनलाइन वर्गांतील ५,००० हून अधिक विद्यार्थ्यांना लहान लहान गटांत, पडद्यावर एकमेकांचे चेहरे पाहत, प्रत्यक्ष बोलते केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष ज्ञातिसंस्थेने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे : गटातील मंडळी जितकी दूरदूरच्या, निरनिराळ्या प्रदेशांतील, तितकी त्यांची पुढील प्रगती सरस.

म्हणून माझी सूचना अशी की, मंडळाची खोली आठवड्यातून एक सायंकाळ अशा चर्चेसाठी द्यावी, आणि ती गावातील सर्व ज्ञातींच्या मुलामुलींना मोकळी असावी. आपलीच मुले बसली तर सर्वांना तेच ठाऊक असावयाचे आणि सर्वांचे तेथेच अडावयाचे. देणगी आपली नि लाभ इतरांचा, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांचा मान राखूनही मला हे पटत नाही. लाभ प्रथम आपल्याच मुलांचा आहे.

कार्यकारिणीने अनुमती दिल्यास येत्या रविवारी पाच वाजता, मुलींना उजेडी घरी परतता येईल अशा बेताने, आरंभ करू. खुर्च्या आठच आहेत. सतरंजी मी घरून आणीन.