फोनची बेरीज, आपली बेरीज

आपण गटात दर आठवड्याची बचत मिळवत जातो आणि शिल्लक काढतो. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरचा हिशेबही असाच. वेग किती वाढला, किती घटला, एवढंच तो टिपतो. ते आकडे मिळवत गेलं की वेग निघतो, आणि वेग मिळवत गेलं की अंतर. म्हणजे बेरजेवर बेरीज.

गोम इथंच आहे. समजा, तो दर सेकंदाला वेगात ०.१ मीटर प्रतिसेकंदाची खोटी भर घालतो. मग फोन ओट्यावर नुसता पडून असला, तरी १० सेकंदांत हिशेब म्हणेल, ५ मीटर सरकला. आणि एका मिनिटात १८० मीटर! वेळ सहापट, चूक छत्तीसपट.

उपाय आपल्या ओळखीचाच. आपण वही बँकेच्या पासबुकाशी ताडून बघतो ना, तसंच. सेन्सर बुटात बसवला असेल, तर पाऊल जमिनीवर टेकलं की वेग शून्य धरतात. उघड्यावर जीपीएसशी मेळ घालतात.

म्हणून अंतरावर मजुरी ठरणार असेल, तर फोनच्या आकड्यावर सही करण्याआधी विचारू या, ‘हा कशाशी ताडून पाहिलात?’ उत्तर नाही मिळालं, तर सरळ टेप लावू या.