पहिले शील आणि गल्लीतील कुत्री

(माघ पौर्णिमेस कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी भरलेल्या मेळाव्यात कार्यकारी मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी आपण सर्वजण कोंदिवड्याच्या बाजूने वर चढून लेण्यात जाऊन आलो. चैत्याची ती भव्य कमान, दगडात हुबेहूब उतरविलेले लाकूडकाम, विहारातील भिक्खूंच्या खोल्या हे सर्व आपण मुलांना दाखविले. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले असे सांगणारा ब्राह्मी लेखही दाखविला. दोन हजार वर्षांपूर्वी राजमाचीच्या कुशीत, उल्हास नदीच्या खोऱ्यात आपला धम्म नांदत होता, हे पाहून कोणाचाही ऊर भरून यावा. तेथे बसून आपण त्रिसरण-पंचशील घेतले आणि खाली उतरू लागलो.

उतरताना तीन कुत्री आपल्या मागे लागली. सहलीला येणाऱ्यांनी बिस्किटे टाकून त्यांना ती सवय लावलेली आहे. आपल्यापैकी काहींनी त्यांना डब्यातील पोळी दिली. काही भगिनींनी मुलांना ओढून कडेवर घेतले आणि दोघा-तिघांनी सरळ दगड उचलले. अर्ध्या तासापूर्वी प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील सर्वांनी एका सुरात म्हटले होते. आम्ही हे कोणाला उणे दाखविण्यासाठी सांगत नाही. दगड उचलणाऱ्यांत आमच्या मंडळाचेही एक सभासद होते. परंतु आज येथे कोणत्या विषयावर बोलावे, हा आमच्या मनातील प्रश्न त्या वाटेवर सुटला.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका वस्तीत घडलेली हकीकत बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. ती आज सलग सांगावी असे आम्हांस वाटते. समाजमंदिराच्या मागे पडलेल्या सिमेंटच्या पाइपात एक कुत्री व्याली होती. दुसरीत शिकणारी एक मुलगी रोज आपल्या ताटातील भाकरीचा तुकडा लपवून तिला नेऊन देई. एके दिवशी तिने पिल्लू उचलले आणि कुत्रीने तिच्या मनगटाला चावा घेतला. वडिलांनी तिकडे जायचे नाही म्हणून आधीच बजावले होते. मार बसेल या भीतीने मुलीने तारेवर पडले असे सांगितले. घरच्यांनी हळद लावली आणि विषय संपला.

चौथ्या दिवशी आंघोळ घालताना आजीला दातांच्या खुणा दिसल्या. शेजारच्यांनी जखमेत तिखट भरा, चुना लावा असे सल्ले दिले. कोणी अमुक गावच्या मांत्रिकाचे नाव सुचविले. वस्तीवरील आशाताईने मात्र कोणाचे ऐकून न घेता मुलीला रिक्षात घातले. पहिल्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हते. त्यासाठी पुढे पाठविण्यात आले आणि त्यात दिवस गेला. मुलगी आज ठणठणीत आहे. तिने परवाच विहारात सर्वांसमोर त्रिसरण म्हणून दाखविले.

परंतु ज्या दिवशी हे उघडकीस आले, त्याच रात्री कोणीतरी पिठाच्या गोळ्यांत विष घालून ठेवले. सकाळी कुत्री मेलेली, दोन पिल्ले मेलेली, आणि एका विधवा भगिनीची गाभण शेळीही मेलेली होती. ते गोळे कोणाच्या लहानग्या मुलाच्या हाती लागले नाहीत, हा निव्वळ योगायोग.

विष कोणी घातले याचा शोध आम्ही घेतला नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी आम्हांस सांगितली ती सर्वांनी ऐकावी. चावलेले कुत्रे ओळखीचे असेल तर लस ताबडतोब सुरू करून त्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावयाचे असते. ते दहा दिवस धडधाकट राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे समजता येते. चार दिवस होऊन गेले होते, सहाच उरले होते. कुत्रीला मारून आपण त्या घरावरील टांगती तलवार काढून घेण्याचे साधनच नाहीसे केले. मुलीच्या आईने पुढचे कित्येक आठवडे कसे काढले ते तिलाच ठाऊक.

त्यानंतर समाजमंदिरात जी बैठक झाली ती रात्री उशिरापर्यंत चालली. एक भगिनी म्हणाल्या, "आधी माझ्या लेकराचा जीव मोजा, मग मला शील सांगा." यावर कोणालाही उत्तर देता आले नाही, आणि आमच्या मते देऊही नये. एक वृद्ध उपासक म्हणाले की मुक्या जिवाला मारणाऱ्याने विहाराची पायरी चढू नये. मग एक तरुण उठला. त्याने महाडचे नाव घेतले. आपल्याच या रायगड जिल्ह्यात, जो तेव्हा कुलाबा जिल्हा होता, चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत आणि आपल्या पूर्वजांना मनाई होती, म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. 14 ऑगस्ट 1931 रोजी मणिभवनात गांधीजींना भेटले असता, जेथे आम्हांला कुत्र्यामांजरांपेक्षाही वाईट वागविले जाते ती भूमी माझी कशी, असा सवाल त्यांनी केला होता. तो तरुण म्हणाला, "फार्महाऊसवाले शनिवार-रविवारी येतात, कुत्र्यांना चिकन घालतात, सोमवारी गाडीत बसून जातात. चावा आपल्या पोरांना. ही दया कोणाच्या खर्चाने चालते?"

आम्ही त्याला गप्प केले नाही. त्याच्या बोलण्यात जी जखम आहे ती खरी आहे. प्राण्यांविषयी कळवळा असणाऱ्या पुष्कळ सुखवस्तू मंडळींना आपल्या वस्तीतले मूल दिसत नाही, हेही खरे आहे. परंतु त्या तरुणाला आम्ही एवढेच विचारले की, शेळी कोणाची मेली? त्या फार्महाऊसवाल्याची नव्हे.

अहिंसेविषयी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जे विवेचन केले आहे ते अशा वेळी पुन्हा वाचावे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. भगवान बुद्धांची अहिंसा हा तत्त्वाचा विषय आहे, आंधळ्या नियमाचा नव्हे, असे ते सांगतात. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत ते स्पष्ट भेद करतात. पिसाळलेले जनावर अंगणात शिरले असता मुलाचा जीव वाचविणाऱ्याला कोणी पापी ठरविणार नाही. रात्रीच्या अंधारात पिठाचे गोळे ठेवणे हे त्यात बसत नाही. तो राग होता, आणि राग भागविण्यापलीकडे त्यातून मुलीच्या हाती काहीही लागले नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो. प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचे कर्तव्य बाबासाहेबांनी घटनेत लिहिले असे भाषणांतून वारंवार सांगितले जाते. ते 51-अ हे कलम 1976 सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. बाबासाहेबांची थोरवी दुसऱ्यांच्या कामावर उभी करण्याची गरज नाही.

आता कुत्री मारून काय होते ते पाहू. आपल्या जवळच्या मुंबईचाच इतिहास आहे. 1832 च्या जून महिन्यात सरकारने भटकी कुत्री मारण्यास बक्षीस लावले, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि कोटभागात दंगल झाली. पुढेही महानगरपालिका दीर्घकाळ कुत्री मारीत राहिली. कुत्री काही संपली नाहीत. अखेर नव्वदच्या दशकात ते थांबवून नसबंदीचा मार्ग धरावा लागला आणि 2001 साली केंद्र सरकारने त्यासाठी देशभर नियम केले. कारण अगदी साधे आहे. जोवर उकिरड्यावर अन्न आहे तोवर मारलेल्याच्या जागी शेजारचे कुत्रे येते, ते लस न घेतलेले असते आणि वर्षातून दोनदा विते.

याउलट गोव्याकडे पाहा. तेथे 2013 नंतर गावोगाव, घरोघर जाऊन कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि शाळांतून मुलांना शिकविण्यात आले. साधारणपणे शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की त्यांच्यातील रेबीजची साखळी तुटते. काही वर्षांतच तेथील माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले आणि 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. मूल वाचविण्यासाठी कुत्र्याला वाचवावे लागते, हे त्या लोकांनी करून दाखविले.

कायद्याची बाजू थोडक्यात. 2023 च्या नव्या नियमांप्रमाणे नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे नगरपरिषदेइतकीच ग्रामपंचायतीचीही जबाबदारी आहे. कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर असावी, वेळही मुलांच्या व वृद्धांच्या वर्दळीची नसावी, हेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितले की नसबंदी व लस झालेली कुत्री होती तेथे परत सोडावीत, मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत. 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून कुत्री हलविण्याचा आणि ती पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. आम्ही हे कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. पुन्हा जाणार आहोत, आणि पुढील ग्रामसभेत हा विषय लेखी देणार आहोत. त्या वेळी बैठकीत मोठ्याने बोलणारे सर्वजण हजर राहतील अशी आशा आहे. गेल्या खेपेस आम्ही चौघेच होतो.

काही गोष्टी मात्र आपल्याच हातात होत्या. शाळेच्या मागे उरलेली खिचडी ओतली जाई आणि मधल्या सुटीत कुत्री बरोबर तेथे जमत. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोलून आता ती झाकणाच्या पिंपात जाते. चिकनच्या दुकानदाराने पिसे व आतडी ओढ्याकाठी टाकणे बंद केले, पण एका महिन्याने पुन्हा सुरू केले. लग्नाच्या पंगतीनंतर पत्रावळ्यांचा ढीग कोणी उचलायचा, यावर अजून एकमत नाही. हे बोलताना आम्हांस संकोच वाटतो, पण वस्तीत कुत्री वाढण्यास आपला उकिरडाही कारण आहे.

आता मातांनी व आजीबाईंनी लक्ष द्यावे. कुत्रे, मांजर वा माकड चावले, नुसता ओरखडा निघाला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. तिखट, चुना, तेल, हळद काही भरू नये. त्याच दिवशी लस घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळते. दंडाच्या कातडीत द्यावयाची असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी जावे लागते. स्नायूत द्यावयाची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक. मधली चुकवू नये. पूर्वीची पोटातील चौदा इंजेक्शने आता राहिलेली नाहीत, तेव्हा ती भीती काढून टाकावी. रक्त आले असेल, चावा तोंडावर, मानेवर, बोटांवर असेल तर सीरमविषयी आवर्जून विचारावे. ते जखमेत व जखमेभोवती टोचतात. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढ्या अवधीत त्याला अडविता येते. पाण्याची भीती वाटू लागली, म्हणजे रोग अंगात उमटला, की मग जवळजवळ कोणीही वाचत नाही.

मुलांनाही शिकवावे. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, हात छातीशी घेऊन स्तब्ध उभे राहावे. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये.

सर्वांत अवघड गोष्ट आम्ही शेवटी ठेवली, कारण ती आम्हां बाप मंडळींची आहे. त्या मुलीचे चार दिवस रुग्णालयाने घालविले नाहीत, ग्रामपंचायतीनेही नाहीत. ते घराच्या धाकाने घालविले. जगात रेबीजचा संशय असलेले जनावर ज्यांना चावते, त्यांत शंभरात चाळीसजण पंधरा वर्षांखालील मुले असतात. त्यांपैकी किती घरी येऊन सांगतात? बैठकीनंतर त्या मुलीचे वडील आमच्याजवळ येऊन बराच वेळ बसले. म्हणाले, "साहेब, मी तिला कधी फार मारले नाही. एकदा-दोनदाच." मग पुढे काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. आमच्या घरात काय चालते ते आम्हांस ठाऊक होते.

त्या वडिलांनीच नंतर एक सूचना केली आणि मंडळाने ती मान्य केली. विहारात रविवारच्या वर्गाला येणाऱ्या मुलांना, या आठवड्यात कोणते जनावर चावले, ओरबाडले का, हे वर्ग घेणाऱ्या ताई एकेकाला बाजूला घेऊन विचारतात. घरी सांगणे मुलाला अवघड वाटत असेल तर ताई स्वतः घरी येऊन सांगतात, आणि त्याबद्दल मुलावर हात उगारायचा नाही असे पालकांनी कबूल केले आहे. आतापर्यंत दोन ओरखडे असे कळले. एक मांजराचा, एक कुत्र्याचा. दोन्ही मुलांना त्याच दिवशी लस मिळाली.

पाइपातील तिसरे पिल्लू वाचले होते. ते आता मोठे झाले आहे आणि त्या मुलीच्याच दारात असते. त्याला लस टोचून घेतली आहे. नसबंदीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलणे चालू आहे. ज्या गावांना आपल्याकडील कुत्र्यांच्या लसीकरणासाठी शिबिर हवे असेल त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या उजव्या बाजूस ठेवलेल्या वहीत गावाचे नाव आणि कुत्र्यांची अंदाजे संख्या लिहावी. कुत्री धरण्यासाठी प्रत्येक गावातून चार तरुण लागतील. त्यांनी स्वतः आधी लस घेतलेली असावी.

जयभीम.